तिसऱ्या ग्लासातला भुगा

सर, हे लिहायचं मी लई दिवस टाळलं. तुम्ही गेल्यावर एकदा आणे गावच्या पठारावर कांद्याचा टेम्पो भरेपर्यंत बसलो होतो, कागदही होता, पण तिथला वारा असा की कागद धरावा का टोपी, टोपीच धरली. आज पेठला टेम्पोचं चाक पंक्चरला दिलंय, समोरच्या हॉटेलात बसलोय. विचारायचं एकच आहे. राजुरीच्या शाळेत त्या दिवशी तुम्ही मुद्दाम केलं होतं, की चुकलं होतं?

तुमच्या वर्गातल्या टेबलावर तीन ग्लास आहेत. एकात कडक ॲसिड, दुसऱ्यात थोडं पाणी घातलेलं, तिसऱ्यात पाणीच जास्त. अंड्याची टरफलं चालली असती, पण तुम्ही जैन, अंड्याला शिवत नव्हता. म्हणून पिशवीत संगमरवराचे तुकडे आणलेले. ॲसिड जेवढं कडक तेवढे बुडबुडे जोरात, असं फळ्यावर आधीच लिहून ठेवलंय. आणि फसफसला नेमका तिसरा! मागून कोणीतरी म्हणतं, "पाण्यालाच चढली, राव!" सगळा वर्ग हसतो. मी वाकून बघतो. दोन ग्लासांत खडे, तिसऱ्यात पिशवीच्या तळाचा भुगा. "सर, ह्यात तुमी भुगा टाकला. भुगा लवकर विरघळणारच की."

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. मग म्हणालात, "मुद्दाम टाकला. बघत होतो, कोणाला शंका येते. तुझं डोकं चालतं, लेका."

त्या चष्मा पुसण्याचाच मला संशय आहे. पुढं दहावी सुटली, गॅरेज सोडलं, नाशकात टिकलो नाही. जिथं गेलो तिथं लोक म्हणाले, ह्याच्या डोक्यात काय न्हाई. मी मनात म्हणायचो, सरांनी सांगितलंय, चालतं. पण तुम्ही स्वतःची चूक झाकायला तसं बोलला असाल, तर माझ्याकडं उरलं काय? खरं सांगतो, तुम्ही असता तरी हे पत्र पेटीत टाकलं नसतं. उत्तराचंच भ्या.

थांबा, सर. आत्ता एसटीतून काकू उतरल्या, तुमच्या घरच्या. लांबूनच हाक मारली. "अरे, शाळेमागं राहायचास तो तूच ना? हे एकदा जेवताना एकटेच हसत होते. म्हणाले, शाळेमागच्या पोरानं भर वर्गात माझ्या प्रयोगातली चूक धरली. लई खूश होते." हात धुवायला गेल्यात, तेवढ्यात लिहितोय.

म्हणजे मुद्दाम नव्हतंच. चुकलंच होतं, सर, आणि ते मी धरलं होतं.