दोन किलोला एक मूठ

बाबा,

आज इथे चांगलं ऊन पडलंय. अकोल्याच्या माणसाला उन्हाचं काय कौतुक, पण या देशात येऊन बारा वर्षं झाली तरी सकाळी स्वच्छ ऊन दिसलं की मी उशा, चपला, पुस्तकं, सगळं अंगणात मांडते. जावा बेटावरचं पहिलं वर्ष माझं ओल पुसण्यात गेलं. टॉवेल तीन-तीन दिवस वाळायचा नाही. बरणीतल्या मिठाला पाणी सुटायचं. तुम्ही घेऊन दिलेल्या चामड्याच्या पर्सवर महिनाभरात हिरवी बुरशी चढली. तुम्ही फोनवर विचारायचात, "किती गर्मी हाय वं तिथं?" मी म्हणायचे, एकतीस. तुम्ही हसायचात. "एकतीस? म्हंजे हिवाळाच हाय की." इथे गर्मीनं नाही, ओलीनं जीव जातो, हे तुम्हाला मी कधी नीट समजावून सांगितलं नाही. समजावलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

आई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी मी इकडे आले. नांदगाव पेठच्या गिरणीत मी सुताच्या प्रयोगशाळेत होते आणि इथल्या गिरणीनं त्याच कामासाठी बोलावलं. तुम्ही एकटे राहाल म्हणून मी पाय मागे घेत होते, तर तुम्ही म्हणालात, "जाय. माह्यासाठी थांबशीन अन् मंग जलमभर मलेच बोल लावशीन." खरं बोलण्यात तुम्ही कधी हात आखडता घेतला नाही.

आईच्या हातच्या मुगवड्या मला किती आवडायच्या, हे तुम्ही लक्षात ठेवलं होतं. शेजारच्या काकूंना विचारून तुम्ही त्या करायला शिकलात. आयुष्यभर डेपोत बसच्या पोटाखाली झोपून नट-बोल्टांवर पाने फिरवलेला माणूस भर मे महिन्यात गच्चीवर बसलाय, डोक्याला ओला दुपट्टा, पुढ्यात आईचं जुनं पातळ, आणि त्यावर एकेक वडी जपून घालतोय. मी व्हिडिओ कॉलवर हे बघतेय आणि हसतेय. वड्या पार खडखडीत वाळल्या की त्याच पातळाच्या एका तुकड्याची पिशवी शिवून तुम्ही त्या भरून ठेवायचात. दिवाळीला मी सुट्टीवर आले की ती पिशवी माझ्या हातात. मी म्हटलं, प्लास्टिकमध्ये बांधून द्या. तुम्ही मान हलवलीत. "प्लास्टिकात जीव गुदमरते त्यायचा. कापडातच ठेवजो."

आपल्याकडे ते खरंच आहे. आपल्याकडे कापडाच्या पिशवीत वडी वर्षभर राहते आणि दगडासारखी राहते. पण इथे दिवाळीनंतर पावसाळा लागतो, आणि सुती कापड हवेतलं पाणी कसं पितं हे मोजण्याचाच तर मला पगार मिळतो. तरी मी ती पिशवी कपाटावर ठेवली आणि विसरले. नवं काम, नवी भाषा, बाजारात बोटं दाखवून भाजी घ्यायची, असे ते दिवस होते. जानेवारीत पिशवी काढली तर आत पांढरी लव आलेली. मी ती पिशवीसकट कचऱ्यात टाकली. आईच्या पातळाची पिशवी, बाबा. धुऊन ठेवता आली असती.

त्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, "वड्या खाल्ल्या का? मीठ बरोबर होतं ना? मले तं डॉक्टरनं मीठ बंद केलं, मी काही चाखून पाह्यलं नाई. तू सांगशीन तसं."

मी म्हटलं, "हाव बाबा, एकदम बरोबर."

तुम्ही इतके खूश झालात की पुढच्या वर्षी दुप्पट केल्या.

मी नऊ-दहा वर्षांची असतानाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तुम्ही सायकलचं चाक बसवत होतात आणि मला म्हणालात, नट पाहा घट्ट झाला का. मला खेळायला जायचं होतं. मी हातही न लावता म्हटलं, घट्ट आहे. डेपोच्या वळणावर चाक निसटलं आणि तुमचा गुडघा सोलून निघाला. घरी आल्यावर मी दाराआड लपले होते. तुम्ही हाक मारलीत, हळद लावता लावता म्हणालात, "ढिला होता तं ढिला म्हणायचं होतं वं. घट्ट तं मीच करणार होतो." मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. मारलं असतं तर मी ते कधीच विसरून गेले असते.

दुसऱ्या वर्षीची पिशवी मी फ्रीजमध्ये ठेवली. तिथे तर कापडाला पाणीच सुटलं आणि वड्यांचा लगदा झाला. माझी घरमालकीण, जिला सगळे ईबू म्हणजे आई म्हणतात, ती भाताच्या पापड्या उन्हात वाळवते आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. तिनं लगदा पाहिला आणि असाच एक रिकामा डबा मला आणून दिला. म्हणजे आता सबबही उरली नव्हती. तिसऱ्या वर्षी मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही. नागपूरच्या विमानासाठी अकोल्याहून भाड्याच्या गाडीनं निघाले, मोझरीच्या अलीकडे चहाला थांबलो, आणि सामानाचं वजन जास्त होतंय असं स्वतःलाच सांगून मी ती पिशवी ड्रायव्हरला देऊन टाकली. तुम्ही फाटकाशी उभं राहून हात केलात त्याला दोन-अडीच तासही झाले नव्हते. जानेवारीत तुमचा फोन आला. मीठ बरोबर होतं ना? हाव बाबा.

चौथ्या वर्षी तुम्ही दिवाळीपर्यंत थांबलाच नाहीत. ऑगस्टमध्ये निरोप आला. दोन विमानं बदलून मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. आठ वर्षं झाली त्याला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहिले तर खुंटीला पिशवी टांगलेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यातल्या वड्यांची भाजी केली. पहिला घास मी तोंडात घातला आणि तो मला गिळवेना. रडू आलं म्हणून नाही. वडी इतकी खारट होती की जीभ चरचरली.

काकूंनीही घास खाली ठेवला. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अवं, म्या त्यायले सांगतलं का तुही माय दोन किलो डाळीले एक मूठ मीठ टाके. तुह्या मायची मूठ केवढीशी, अन् भाऊजीची केवढी." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तीन सालापासून खाऊन राहिली ना तू? मंग सांगतलं काहून नाई वं त्यायले?"

मी म्हटलं, मला खारटच आवडतं.

काकूंनाही मी खरं सांगू शकले नाही. तुम्ही चार उन्हाळे गच्चीवर भाजून निघालात आणि ते मीठ सांगायला जगात एकच जीभ होती, तीही मी लावली नाही. एकदा खरं बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. पुढच्या वेळी अर्धी मूठ टाकली असतीत, आणि वर चेष्टाही केली असतीत की मेकॅनिकच्या हातचं असंच असते.

गेल्या आठवड्यात इथे सलग चार दिवस ऊन होतं. ईबूकडून बांबूची ताटं मागून आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वड्या घातल्या. दोन किलो डाळ घेतली. ग्रॅमचा काटा समोर होता, पण मी मूठच भरली. माझा हात तुमच्यावर गेलाय, आई नेहमी म्हणायची, पोरीचे हात नाही फावडे आहेत. मला आईच्या वड्या नको होत्या. तुमच्या हव्या होत्या.

काल भाजी केली आणि वाटीभर ईबूला दिली. तिनं वाटी संपवली, फार छान झालीय म्हणाली, आणि पाठोपाठ तीन पेले पाणी प्यायली. मी तिच्याकडे बघत बसले. मी वाटी पुढे केली असती तर बिचारीनं आणखीही घेतली असती. घरी येऊन मी माझ्या ताटातली भाजी मात्र शेवटच्या वडीपर्यंत खाल्ली.

हे पत्र टाकणार कुठे? अकोल्याच्या घराच्या दारावर आता दुसऱ्यांची पाटी आहे. ईबूनं दिलेल्या त्याच डब्यात ठेवून देईन, नाहीतर इथे कागदालाही बुरशी येते. फक्त झाकण लावायच्या आधी एकदा म्हणून टाकते. मीठ जास्त होतं, बाबा. थोडं नाही, खूप.