खिशातल्या दोन नळ्या

ता. ४

ती. ताईस, सा. न.

मी पोचेपर्यंत वॉर्डच्या सिस्टरने रक्ताची पिशवी बंद केली होती. आई कुडकुडत होती, कंबर फुटते म्हणत होती. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. बिघडलं ते नंतर दिलेल्या रक्ताने. रक्त 'बी' गटाचं, आई निघाली 'ओ'. तिचं शरीर त्या परक्या पेशी फोडतंय आणि भार मूत्रपिंडांवर येतोय. लघवी काळपट आहे.

गट तपासायला रक्ताचा नमुना घेतल्याची सही सिस्टरची, म्हणून तिला घरी बसवलंय. दहा तारखेला चौकशी. तू काळजी करू नकोस. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा धाकटा

ता. ६

चि. धाकट्यास आशीर्वाद.

काळजी करू नकोस म्हणे. प्लास्टरमधला पाय घेऊन मी दुसरं काय करणार? पत्र तीनदा वाचलं, त्यात तू कुठेच नाहीस. पंधरा वर्षं तिथेच रक्ततपासणीत काढलीस आणि आईचं रक्त दुसऱ्याला घेऊ दिलंस? लहानपणी बरणी तू फोडलीस, तेव्हाही बरणी फुटली एवढंच म्हणाला होतास. खरं लिही. रागावले तरी माया तीच.

ताई

ता. ९

ती. ताईस, सा. न.

नळी मीच भरली. परक्या माणसाला मी आधी नाव विचारतो, खाटेपाशीच नळीवर लिहितो, मग उठतो. आईला काय नाव विचारायचं? नळी तशीच खिशात टाकली. मग शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांचं रक्त घेतलं. आई त्यांना सांगत होती, हा सगळ्यांना टोचत फिरतो म्हणून याला कोणी मुलगी देत नाही. मास्तर हसले, मीही हसलो. ती नळीही तशीच खिशात गेली. नावं खाली टेबलापाशी बसून नळ्यांवर लिहिली, अंदाजाने, आणि त्यांची अदलाबदल झाली. मुलानेच घेतलंय म्हणून सिस्टरने विश्वासाने सही केली. मास्तरांना रक्त लागलं नाही, एवढंच नशीब.

काल आईला सांगितलं. ती म्हणाली, ती पोरगी पाच दिवस घरी बसून काय करत असेल?

सगळं कागदावर लिहून ठेवलंय. आशीर्वाद मागवत नाही, तरी दे.

तुझा धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज दहा. सकाळी आईचा नमुना घ्यायला गेलो. लघवी निवळते आहे. तिने हात पुढे केला नाही. मी नाव विचारलं. तिने पूर्ण सांगितलं, बाबांच्या नावासकट. मी तिथेच नळीवर लिहिलं. नऊ वाजता कागद चौकशीच्या साहेबांना दिला. खाली सही माझी आहे.