शुक्रवारचा शेवटचा तास

शनिवार, २३ ऑगस्ट, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही मावशी-भाची मजेत. ठमी उंच झालीय, तुझा निळा स्वेटर आता तिला बरोबर बसतो. मी आहे तशीच वेंधळी. परवा वर्गात चित्रकला शिकवताना रंगाचं पाणी चहा समजून तोंडाला लावलं. 'पुढच्या सुटीत नक्की' हे तुझं पत्रही मिळालं.

आमच्या शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला पुस्तकं बंद असतात. सगळी शाळा सभागृहात जमते आणि आम्ही मोठी माणसं उठून, या आठवड्यात आपलं काय चुकलं ते सांगतो. मुलांवर सक्ती नाही. मोठ्या बाई म्हणतात, चांगलं वागा असं सांगून कुणी चांगलं वागत नाही, आधी आपण वागून दाखवावं.

काल उन्हाचे पट्टे बाकांवर पसरले होते, त्यात खडूची धूळ तरंगत होती. मी अर्धी झोपेतच होते.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मी बसवाल्या काकांवर विनाकारण खेकसले. चुकलं माझं."

काका मागून म्हणाले, "विनाकारण नाही बाई, उशीर झालाच होता." सगळे हसले. मी रंगाच्या पाण्यावर वेळ मारून नेणार, तेवढ्यात ठमी उठली.

हे कसं लिहावं कळेना, म्हणून इतका वेळ स्वेटर नि चहा चालला होता.

ती म्हणाली, "माझी आई वारली असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं आहे. आई आहे. ती लांब नोकरी करते आणि येत नाही."

मोठ्या बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, मैत्रिणीनं सरकून जागा दिली. मला तिचा अभिमान वाटला आणि तुझा राग आला, दोन्ही एकदम.

घरी येताना ती वाटभर गुणगुणत होती. मी विचारलं, "आईला कळवू?"

"कळव. रडू नको म्हणावं." मग बरंच चालून झाल्यावर म्हणाली, "मावशी, शुक्रवारी पालकांना बसता येतं का गं?"

आज सकाळी मोठ्या बाईंना विचारलं. येतं म्हणाल्या. खिडकीजवळ एक खुर्ची ठेवतेय. तुला काही बोलायला लागणार नाही, ताई. 'आई आहे' असं ती सगळ्यांसमोर म्हणाली आहे, तू नुसती दिसलीस तरी पुरे.

वाट बघणाऱ्या दोघींतली मोठी,
तुझी ढगी