जावईबापूंची जड साइट

४ मार्च

उघडली नाही! ताई पायांच्या मापाने बूट शिवते, तिची साइट बसथांब्यावर एका बाईला दाखवायला गेले, तर पडद्यावर नुसतं चाक गरगरतंय. बाईचा एक पाय आखूड. ताईच्या बुटांसाठीच जन्मलेली! "राहू द्या हो," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

५ मार्च

साइट ताईच्या जावयाने बनवलेली. फोन केला. "मावशी, माझ्याकडे तर झटकन उघडते!" उघडेल की! घरचं वायफाय, त्यात फोनने साइट आधीच साठवून ठेवलेली. जावयाला ताट कधी उशिरा मिळतं का?

७ मार्च

माझी मैत्रीण साइट बनवते. तिला आत डोकावायला सांगितलं. तरंगणारे फुगे, हात हलवणारी बाहुली, टाळ्यांचा आवाज — प्रत्येकाची वेगळी स्क्रिप्ट, म्हणजे कोडची फाइल, एकेक ही लठ्ठ! सगळ्या उतरेपर्यंत बुटाचा फोटो दिसत नाही. दुकान आहे की सर्कस? "बऱ्याचशा काढू, उरलेल्या आखडून लहान करू," म्हणाली.

ताई म्हणते, "त्यांना वाईट वाटेल गं. जावई आहेत."

जावयाचं मन काचेचं. ताईचा धंदा मात्र दगडाचा — आपटा हवा तेवढा!

१० मार्च

जावईबापू आकडे घेऊन आले. "आई, साइटवर कुणी फिरकतच नाही. असे बूट आता कुणाला नकोत. खिडकीखालचं शिवायचं मशीन विका, आराम करा." ताई मान डोलावत होती. माझ्या अंगाचा तिळपापड! आकडे तेवढे वहीत उतरवून घेतले.

११ मार्च

मैत्रिणीला ते आकडे सांगितले. आधी हसली, मग साइट पुन्हा आतून उघडून बघितली. माणसं मोजणारी स्क्रिप्टच सगळ्यात शेवटी उतरते! त्याआधी जो कंटाळून गेला, तो आलाच नाही. म्हणजे बसथांब्यावरची बाईसुद्धा आलीच नाही. वा रे हिशेब! दार लावून घ्यायचं आणि म्हणायचं, कुणी येत नाही.

ताईला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "काढ तुला काय काढायचं ते."

१३ मार्च

फुगे फुटले, बाहुली गेली. बसथांब्यावर जाऊन उघडली. बोट उचलायच्या आत बूट समोर!

१६ मार्च

ऑर्डरी आल्या. एक नाही, तीन! फोन नाचवत ताईकडे धावले. खिडकीखालची जागा रिकामी. "मशीन दहा तारखेलाच नेलं गं, तू गेल्यावर. गिऱ्हाईक जावयांनीच आणलं होतं. नाही कसं म्हणणार?"