ड्रम कोणी आणला

कोपरगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय स्टीफनदादा,

प्रभूच्या नावाने सलाम. वहिनीचा खोकला थांबला का? इकडे आई काठी धरून ओसरीपर्यंत येते. हातांची थरथर अजून आहे. गुरुवारी पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचंय.

परसातल्या वाफ्यांचं विचारलं होतंस. आईला वाकायला नको म्हणून विटांचे दोन वाफे कमरेएवढे उंच बांधलेत. शेणखत-माती भरून झाली, कुंड्यांना खालून भोकंही पाडली. उन्हाळी मिरची, वांगी लावायची होती. रोपं ट्रेमध्येच सुकताहेत. त्या बाजूला मला जाववत नाही.

दादा, फोनवर हे जमलं नसतं. तू मधेच ओरडला असतास आणि मी पुन्हा गप्प बसले असते.

तो निळा ड्रम बनुबाईंनी आणला नव्हता. मी आणला. आमच्या शाळेतल्या एका सरांच्या मळ्यात अर्धा कापलेला पडला होता. दोडक्याच्या वेलाला मोठी कुंडी होईल म्हणून स्कूटीला बांधून आणला. बनुबाई म्हणाल्या, "ताई, ह्याला फवारणीचा वास येतोय. आईला हात लावू देऊ नगा."

"धुतलाय मी," म्हणाले. धुतला नव्हता. शाळेला उशीर होत होता, एवढंच.

दुपारी त्या दळण आणायला गेल्या तेवढ्यात आईने तळाला वाळलेला औषधाचा थर उघड्या हातांनी खरवडून त्यात माती कालवली. त्या परतल्या तेव्हा आई घामाने भिजलेली, तोंडातून लाळ गळतेय. रिक्षा त्यांनीच आणली. आई वाचली ती त्यांच्यामुळे.

तू नाशिकहून आलास आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर विचारलंस, "ड्रम कोणी आणला? बनुबाई, तुम्हीच ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत राहिले. "उद्यापासून येऊ नका," तू म्हणालास. अकरा वर्षं आपल्या आईला सांभाळलेली बाई पिशवी उचलून निघून गेली. आणि मी तिला जाऊ दिलं.

काल त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार पुरतं उघडलंच नाही. "मला कशाला सांगता? मला ठावं हाय. गल्लीत लई बोलत्यात, म्हातारीला इख घातलं म्हणून. सून मला चुलीजवळ येऊ देत न्हाई. ज्यांनी चारचौघांत घालवलं, त्यांना सांगा."

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "आधी बनूला घेऊन ये. मग माझ्याशी बोल." तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणीही घेत नाही.

मी एकटी गेले तर बनुबाई येणार नाहीत. येत्या रविवारी तू ये. त्यांच्या दारात, गल्लीतल्या लोकांसमोर मी बोलेन. तू फक्त शेजारी उभा राहा. नंतर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

'तुझी लाडकी' असं लिहायला आज हात धजत नाही.

प्रार्थना