कॉम्प्युटरला केलेले एकवीस अर्ज

जिंतूर, १८ नोव्हेंबर १९९२

तीर्थस्वरूप तात्यारावमामांना भाचा सिताराम याचा सविनय जयभीम.

मामींची कंबर आता बरी असेल (नसली तर पाणी तुम्ही भरत असाल, तेही काही वाईट नाही). मी खुशाल आहे. नुसता खुशाल नाही, हवेत आहे.

आमच्या बियाणे ऑफिसात कॉम्प्युटर आलाय. साहेबांनी मला, म्हणजे तुमच्या रोजंदारीवरच्या भाच्याला, बजावलं, "सोमवारपस्तोर चारशे शेतकऱ्यांची यादी अक्षरक्रमानं निघाली तर कायम करतो. न्हाई तर मंगळवारपासून येऊ नको." नावं मी आठवडाभर बसून भरली होती, पण ती क्रमानं लावायची कशी? 'सॉर्ट' असा हुकूम द्यायचा एवढंच ऐकून होतो. हुकूम दिला की यंत्र गप्प. सोबत आलेलं जाडजूड पुस्तक साहेबांनी (मळेल म्हणून) कपाटात कोंडलेलं, आणि किल्ली खिशात घालून ते औरंगाबादला मीटिंगला गेलेले.

आता ऑफिसात अडलं की माणूस काय करतो? अर्ज करतो. मी इंग्रजीत रीतसर टाइप केला: माननीय महोदय, विनंती की, खाली आपला आज्ञाधारक. दर ओळीला यंत्राचा एकच शेरा, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. मला वाटलं, अर्ज साहेबांमार्फत आला नाही म्हणून फेटाळतंय. एकवीस अर्ज फेटाळले, मामा!

शेवटी मी डोकं लढवलं. रजिस्टरात एखाद्या नावाची शंका आली की आम्ही पुढं पेन्सिलीनं तिरपी रेघ मारून प्रश्नचिन्ह काढतो. सॉर्टपुढं तेच केलं आणि काय सांगू! हुकूम कशासाठी, कसा द्यायचा, उलटा क्रम हवा तर काय करायचं, सगळं पडद्यावर हजर. दुसऱ्या हुकमांपुढंही ती खूण केली, तर प्रत्येकानं आपापली माहिती दिली. अख्खं मार्गदर्शन आतच बसलेलं, कुणी विचारलंच नव्हतं! सोमवारी इंग्रजी 'ए'च्या आबासाहेबांपासून 'झेड'च्या झुंबररावांपर्यंत चारशे जण शिस्तीत छापून निघाले. फार आनंद झाला, मामा.

तुमचा,
सिताराम

ता.क. डोकं मी नाही, आमच्या टायपिस्ट रुख्मिणीबाईंनी लढवलं. मी बाविसावा अर्ज लिहीत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "सरका तिकडं. तुमी नुसते अर्जच करायलाव. इचारा की त्याला!" हे मी साहेबांना सांगून टाकलं. त्याही रोजंदारीवरच होत्या; कायमची ऑर्डर त्यांच्या नावानं निघाली. मी आहे तिथंच आहे, आणि तरी दिवसभर हसतोय.

आणखी एक ता.क. त्यांचे वडील बोरीला शिक्षक आहेत. रविवारी मामींना घेऊन त्यांच्याकडे मुलगी मागायला जावं, एवढ्यासाठीच हे पत्र. मुलीला मी विचारलंय, हो म्हणाल्या. नोकरीचा विषय निघालाच, तर दोघांत मिळून एक कायम आहे, असं सांगा.