न बांधलेल्या घराची सावली

हर्सूल,
डिसेंबरची अखेर

प्रिय दोस्त कडुबा,

तुला फोन आवडतो आणि मला कागद. फोनवर काही नीट सांगायला घेतलं की तू 'बरं बरं' करून तोडतोस, म्हणून हे पत्र. आधी साळूभाभीच्या गुडघ्यांचं सांग. ऑपरेशनशिवाय इलाज नाही असं डॉक्टरांनी म्हटल्याला वर्ष होत आलं. माझ्या भिंतीला लागून असलेलं तुझं इथलं घर विकायचं आणि लगेच तारीख घ्यायची, असं तूच ठरवलं होतंस. दिवाळीनंतर गिऱ्हाईक आलं, टेप लावून मोजून गेलं, वर दोन मजले चढवायचे म्हणालं, आणि पुढच्याच आठवड्यात तू त्याला परत पाठवलंस. 'भाव जमला नाय' एवढंच मला सांगितलंस. मीही पुढं विचारलं नाही.

इकडची खबर म्हणजे दिवाळीत तुला सांगितलेलं आमचं सोलरचं नक्की झालं. गच्चीवर सहा प्लेटा, खाली एक बॅटरी. पण त्याआधी मी मेन बोर्ड काढला. ती लाकडी फळी आणि चिनी मातीचे फ्यूज तुला आठवत असतील. दर उन्हाळ्यात तू मागं टॉर्च धरायचास, मी तार बांधायचो, आणि तू टॉर्च हमखास माझ्या डोळ्यावर मारायचास. सोलरवाला पोरगा म्हणाला, चाचा, हाच बोर्ड चालेल. मी म्हटलं, तुझ्या घरी चालव. आता लोखंडी पेटी आहे, प्रत्येक खोलीचा खटका वेगळा, तांब्याची वायर, एकही जोड मधे नाही. अर्थिंगचा खड्डा मीच खणला, कोळसा आणि मिठाचे थर स्वतःच्या हातानं दिले. मोटारीचं वाइंडिंग मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, जळक्या मोटारी उकलून शिकलो. त्यामुळं दुसऱ्यानं केलेलं काम मला उघडून बघितल्याशिवाय पटत नाही, हे तुला नव्यानं सांगायला नको.

बॅटरीचं मात्र भांडण झालं. ती सगळं घर ओढत नाही. लाईट गेल्यावर काय चालू राहायला हवं ते आधी ठरवून तेवढ्या वायरी वेगळ्या काढाव्या लागतात. तुझी अजराभाभी म्हणाली, "मेरी सिलाई मशीन और एक पंखा. बाकी दुनिया अंधेरे में रही तो चलता." कहकशा म्हणाली, "अब्बा, वायफाय नसेल तर ती बॅटरी काय शोभेला ठेवायची?" मी फ्रिजचं नाव काढलं तर दोघींनी मिळून मला गप्प केलं. शेवटी मशीन, वायफाय, दोन पंखे आणि दिवे यावर मिटलं.

पण खरं काम गच्चीवरचं. एका प्लेटेवर सावली पडली की तिच्या ओळीतल्या सगळ्याच मंदावतात. म्हणून थंडीतल्या, सगळ्यात लांब सावल्यांच्या दिवसांत मी खडू घेऊन वर बसलो. टाकीची सावली, जिन्याच्या खोलीची सावली, शेवग्याची सावली, जशी सरकेल तशी आखत गेलो. दुपारपर्यंत गच्चीभर पांढऱ्या रेघा झाल्या. हर्सूलच्या तलावावरून वारा येत होता, उनानं पाठ शेकत होती, आणि कधी माझी मान खाली आली कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा सावली रेघ सोडून कुठल्या कुठं गेली होती, आणि मला वाटलं, आपण पुन्हा त्या लोडशेडिंगच्या उन्हाळ्यांत आहोत. संध्याकाळी लाईट गेली की तुमची चटई तिकडं, आमची इकडं, मधे तो गुडघ्याएवढा कठडा. भाभीची भाकरी कठड्यावरून इकडं यायची, अजराची खिचडी तिकडं जायची, आणि पोरं ज्या गच्चीवर झोप लागेल तिथंच. लाईट आली तरी कुणी खाली जायचं नाही. आता आमच्याकडं लाईट जाणारच नाही. त्याचं मला उगाच वाईट वाटलं. अजराला बोललो नाही, हसली असती.

दुसऱ्या दिवशी मी एक वेगळंच काम केलं. तुझी किल्ली माझ्याकडं आहेच. तुझ्या गच्चीवर बांबू उभे केले, दोन मजल्यांइतके उंच, दोऱ्यांनी ताणून पक्के बांधले आणि वरच्या टोकाला अजराच्या दोन जुन्या चादरी लावल्या. सूर्य दक्षिणेला कललेला, तुझं घर माझ्या दक्षिणेला. चादरींची सावली हळूहळू माझ्या गच्चीवर उतरली. न बांधलेल्या घराची सावली, कडुबा. वाऱ्यानं हलायची, मग स्थिर व्हायची. मी तिच्यात जाऊन बसलो. थंड होती. वाटलं, वर कुणीतरी राहतंय, खिडकी उघडतंय, पोराला हाक मारतंय. अजरा कपडे वाळत घालायला आली आणि बघतच राहिली. "क्या जी, गिऱ्हाईक तो चला गया. अब किसका साया नापते बैठे?"

मी तिला सांगितलं नाही, तुला सांगतो. गेल्या जुम्म्याला तिनं साळूभाभीला फोन लावला होता. फोन स्पीकरवर होता आणि मी बाजूलाच पेटीचे स्क्रू आवळत होतो. अजरा आत दूध उतरवायला गेली तेवढ्यात भाभी माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "भावजी, भाव लई चांगला होता. पर ह्यांनी नाय म्हणलं. म्हणले, मजले चढले तर मुबारकचं ऊन अडंल, त्यानं एवढं आखलंय." भिंतीला धरून चालणारी बाई हे सांगत होती, आणि आवाजात तक्रार नव्हती. म्हणून बांबू लावले. सावली मोजली आणि सगळा नकाशा बदलला. चार प्लेटा जिन्याच्या खोलीवर उंच सांगाड्यावर, दोन उत्तरेच्या कडेला, त्यांची ओळ वेगळी. थंडीतलं थोडं ऊन जाईल, बस. परवा मी त्या गिऱ्हाइकाला गाठलं. म्हटलं, मजले खुशाल चढवा, माझी काही हरकत नाही. ते अजून तयार आहेत, फक्त तुझ्या फोनची वाट बघतायत. माझी एकच अट घातली, त्यांच्या घराची वायरिंग मी करणार. भिंतीपलीकडं कुणाचं कच्चं काम मला झोपू देणार नाही. ते हो म्हणाले. तेव्हा आज तू दोन फोन कर, आधी डॉक्टरांना, मग त्यांना. मला करू नकोस, तू 'बरं बरं' म्हणशील आणि मला बोलता यायचं नाही.

तुझाच, उत्तरेकडचा शेजारी,
मुबारक